मेजर रानात उतरले, पण सातबाऱ्यावर कुठं?

फौजेतून आलेला गडी शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो, हवालदार असो की सुभेदार, पारावरची मंडळी त्याला ‘मेजर’च म्हणणार. सातारा जिल्ह्यात असे मेजर गावोगाव भेटतात. सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात उभं आहे. पण शेतकरी बंधूंनो, स्मारक झालं गेलेल्यांचं. जे परत आले आणि खांद्यावरची रायफल खाली ठेवून पाभरीला हात घातला, त्यांच्या संसाराची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

१९७१ ची लढाई आठवा. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे आपली ‘जंगी पलटण’, त्यावेळच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला लढली. ११ डिसेंबरला जमालपूर पडलं, १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली. जवान जिंकले खरे, पण पुढच्याच वर्षी, १९७२ ला, महाराष्ट्रात दुष्काळ पडला. मुलुख राखून आलेल्या कित्येक जवानांच्या घरची माणसं तेव्हा खडी फोडायला जात होती. सीमेवरची लढाई चौदा दिवसांत संपली. रानातली संपते कधी?

फौजी शेतकऱ्याची अडचण तुमच्याआमच्यापेक्षा थोडी निराळी असते. तो अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होतो. साधा जवान पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. म्हणजे ज्या वयात बापाच्या हाताखाली शेती शिकायची, त्या वयात हा गडी बेळगावला कवायत करत असतो, नाहीतर बर्फात पहारा देत असतो. घरी येतो तेव्हा अंगात ताकद असते, शिस्त असते, हातात पेन्शनही असते. पण वाफसा कधी आला, कोळपं कधी घालायचं, हे पुस्तकात वाचून कळत नाही. पहाटे पाचला उठून रानात जाणारा मेजर पहिल्या दोन वर्षांत हटकून फसतो. हुकूम दिल्यावर जवान हलतो, पाऊस हलत नाही.

मग त्याला शिकवतं कोण? बहुतेक घरांत त्याची बायकोच. दोन महिन्यांच्या रजेत पाव्हण्यासारखा येऊन जाणाऱ्या नवऱ्यामागं ज्वारी, हरभरा, घेवडा तिनंच केलेला असतो. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन दारं मोडायला तीच गेलेली असते. जो मेजर हे कबूल करतो आणि पहिली दोन वर्षं मुकाट्यानं तिच्या हाताखाली राबतो, त्याची शेती लवकर मार्गी लागते. बाकीचे मानापायी पेन्शन मातीत घालतात.

फौजेतली एक सवय मात्र शेतीत सोन्यासारखी उपयोगी पडते, ती म्हणजे नोंद ठेवायची. कोणत्या दिवशी काय पेरलं, खताची पोती किती गेली, मजुरी किती दिली, पट्टी किती आली, हे वहीत लिहिणारा शेतकरी दहा गावांत एखादाच. आल्यासारख्या खर्चिक पिकात तर ही वहीच सांगते, की नफा झाला की नुसता आकडा मोठा दिसला.

आता मुद्द्याचं बोलू. मेजर रानात राबतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे का? कित्येक घरांत वडील वारले तेव्हा हा सरहद्दीवर होता. गावी असलेल्या थोरल्या भावाचं नाव एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून लागलं आणि बाकीच्यांची नावं राहून गेली. थोरला सरळ असतो तोवर काही बिघडत नाही. पण त्याच्यामागं पुतणे म्हणतात, “काका, तुमचा कागद कुठाय?” शत्रूपुढं न डगमगलेला माणूस चावडीपुढं बसून राहतो.

म्हणून सांगणं असं, की हे काम रजेवर असतानाच उरकून घ्या. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसानं मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. नोटीस निघाल्यावर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. आता ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. भावाभावांची संमती असेल तर कलम ८५ खाली तहसीलदारांकडं वाटपाचा अर्ज करा. संमती असते तोवर हे काम सोपं. एकदा वाद पेटला की दिवाणी कोर्ट आणि तारखा. बहिणींचा वाटाही विसरू नका, २००५ पासून त्यांचा हक्क भावाइतकाच आहे. आणि जिनं रान राखलं तिचं नाव लावायला १९९२ चा ‘लक्ष्मी मुक्ती’चा निर्णय आहेच.

गावच्या कारभाऱ्यांनाही दोन शब्द. तलाठी भाऊसाहेब, आता तुमचं पद ग्राम महसूल अधिकारी झालंय. २०२५ च्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या वारसांची कामं तुम्हीच केलीत. गावातल्या फौजींची घरं त्यातून सुटली नाहीत ना, एवढं एकदा पाहा. ग्रामपंचायतीनं २०२० चा शासन निर्णय काढून वाचावा. माजी सैनिक आणि सैनिक विधवांच्या घरपट्टीची माफी त्यात आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला कसा आणायचा, हे त्यांना समजावून सांगा. एक गोष्ट फौजींनीही ध्यानात ठेवावी: दरमहा दहा हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असेल तर पीएम किसानचा हप्ता साधारणपणे मिळत नाही. त्यासाठी उगाच हेलपाटे घालू नका.

हे सगळं आजच बोलायला कारण आहे. २०२२ पासून पोरं अग्निवीर म्हणून भरती होतात. चार वर्षं झाली की चारातला जास्तीत जास्त एक कायम, बाकीचे घरी. हातात सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये, पेन्शन नाही. जुना मेजर पीक बुडालं तरी पेन्शनवर तरून जायचा. या पोरांना तो आधार नसेल. पंचविशीच्या आत ती बांधावर येतील, तेव्हा त्यांचा वाटा कागदावर असला पाहिजे आणि त्यांना शिकवायला घरचा एखादा जुना फौजी रानात हजर असला पाहिजे. ते पैसे गाडीत आणि लग्नाच्या मांडवात जायच्या आधी विहीर, ठिबक, दोन दुभती जनावरं यांचा हिशोब त्या पोराबरोबर बसून मांडा. भरतीला गेला तेव्हा गावानं त्याची वाजतगाजत मिरवणूक काढली होती. परत आल्यावर त्याला सातबाऱ्याचा उतारा तेवढ्याच अगत्यानं मिळू द्या.