भाव येतो, कारण येत नाही

नागोठण्यात मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला वडे तळणाऱ्याला पामतेलाचा भाव १५ किलोच्या डब्यात कळतो. डबा संपत आला की तो दुकानदाराला विचारतो. दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला विचारलेलं असतं, घाऊक व्यापाऱ्याने मुंबईच्या दलालाला. आणि दलालाने सकाळी ८ वाजता, म्हणजे मलेशियात साडेदहा वाजता, तिथला वायदेबाजार उघडताना पाहिलेला असतो. इतके हात बदलत भाव कढईपर्यंत पोचतो. तो का चढला किंवा का उतरला, हे मात्र वाटेतच गळून पडतं.

हे कारण सगळ्यांसमोर मांडण्याचं काम मुंबईतली एक संस्था करत आली आहे. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६३ मध्ये स्थापन झाली. पेंडीत उरलेलं तेल हेक्झेनने काढणाऱ्या कारखानदारांची ही संघटना. आज तिची खरी ओळख आहे ती महिन्याच्या मध्याला निघणाऱ्या आकड्यांची. गेल्या महिन्यात देशात किती खाद्यतेल उतरलं, त्यात कच्चं पामतेल किती, पामोलीन किती, बंदरांवर आणि वाटेत किती साठा आहे, हे सगळं त्यात असतं. तेलाचं वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर असं मोजतात. २०२२-२३ च्या वर्षात सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात झालं, त्यातलं पामतेल ९८ लाख टनांच्या आसपास होतं. एकमेकांचे स्पर्धक असलेल्यांनी एका टेबलाभोवती बसून साठ्याचं गणित उघड करायचं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

कारण माहिती लपली की तेलाच्या धंद्यात काय होतं ते सरळ आहे. गणपतीच्या तोंडावर नागोठण्यातला दुकानदार दोन डबे जास्त मागतो. घाऊक व्यापाऱ्याला वाटतं मागणी वाढली, तो वीस जास्त सांगतो. वीसजणांचे असे निरोप आले की रिफायनरीवाला धास्तावून आणखी एका जहाजाचा सौदा करून टाकतो. इंडोनेशिया-मलेशियाहून ते जहाज यायला आठ-दहा दिवस लागतात; तोवर सण उरकलेला असतो, टाक्या भरलेल्या असतात, व्याज चालू असतं. दोन डब्यांची मागणी वर जाता जाता जहाजाएवढी होते. प्रत्येकाला खालच्याची खरी विक्री आणि वरच्याचा खरा साठा दिसला असता, तर हे पैसे अडकलेच नसते. नफा राखायला यापेक्षा स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

मलेशियाने हे लवकर ओळखलं. तिथलं पाम ऑइल बोर्ड दर महिन्याच्या १० तारखेच्या सुमारास उत्पादन, निर्यात आणि शिल्लक साठा जाहीर करतं, आणि जगभरचे सौदे त्या आकड्याकडे डोळे लावून थांबतात. उलट धक्का कसा असतो ते इंडोनेशियाने दाखवलं. २२ एप्रिल २०२२ ला निर्यातबंदीची घोषणा झाली, २८ तारखेपासून ती लागू झाली, २३ मे रोजी उठली. महिनाभरही न टिकलेल्या त्या निर्णयाने इथल्या आयातदारांची झोप उडवली होती. आपल्याकडेही १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पामतेलावरचं मूळ आयातशुल्क एका झटक्यात शून्यावरून २० टक्क्यांवर गेलं. वाटेत जहाज असलेल्याचं गणित तिथेच फिरलं.

त्याआधी, २० डिसेंबर २०२१ ला, सेबीने कच्च्या पामतेलासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. मुदत पुढे वाढत गेली. सट्टा रोखायचा हेतू समजण्यासारखा आहे, पण मुंबईच्या एमसीएक्सवर रुपयांत दिसणारा उद्याचा भाव त्यासोबत दिसेनासा झाला. व्यापाऱ्याला आता मलेशियाच्या रिंगिटमधला भाव पाहून अंदाज बांधावा लागतो. मला तरी हा सौदा तोट्याचा वाटतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने खाद्यतेल उत्पादकांना नोंदणी आणि दरमहा उत्पादन-साठ्याची माहिती देणं बंधनकारक केलं, ते पाऊल मात्र योग्य दिशेचं आहे. फक्त ती माहिती सरकारी खात्यात पडून न राहता बाजारात परत यायला हवी.

पामच्या बागेत तर माहितीचा वेग तासांत मोजावा लागतो. पामचा घड उतरवला की २४ तासांच्या आत गाळपाला लागलेला बरा. उशीर झाला की फळातलं मुक्त मेदाम्ल वाढतं आणि तेलाचा दर्जा घसरतो. गिरणीची पाळी कधी, गाडी कधी, हे बागायतदाराला आदल्या दिवशीच कळायला हवं. २०२१ च्या ऑइल पाम मिशनने, ११,०४० कोटींच्या तरतुदीसह, शेतकऱ्यासाठी भावाचं सूत्र जाहीर केलं: गेल्या पाच वर्षांच्या कच्च्या पामतेलाच्या सरासरी भावाला घाऊक महागाईची जोड देऊन त्याचे १४.३ टक्के. आपल्या घडाचा भाव कागदावर स्वतः मांडून पाहता येणं, ही शेतकऱ्याच्या हातात आलेली पहिली माहिती.

नागोठण्यापर्यंत यातलं अजून काही पोचत नाही. उरणला न्हावाशेवा बंदर, तिथे द्रवमालाचा धक्का. म्हणजे तेल उतरतं ते आपल्याच रायगड जिल्ह्यात. २०२२ च्या दिवाळीत शिधापत्रिकेवर १०० रुपयांत जो आनंदाचा शिधा मिळाला, त्यात रवा, साखर, चणाडाळीसोबत एक लिटर पामतेल होतं. तेलाची पिशवी घरात आली, भावाचं कारण मात्र आलं नाही. महिन्याच्या मध्याला निघणारा तो आकडा मराठीत, चार ओळींत, पेण-रोह्याच्या घाऊक दुकानांच्या फळ्यावर लिहायला खडूच तेवढा लागेल.