विद्युत् संदीप्ती दीप

विद्युत् क्षेत्राच्या प्रभावाने पदार्थ न तापता त्यातून प्रकाश उत्सर्जित होण्याच्या आविष्काराला विद्युत् संदीप्ती म्हणतात. या तत्त्वावर चालणाऱ्या दिव्यात तापणारा तंतू, वायू किंवा निर्वात नळी यांपैकी काहीही लागत नाही.

इतिहास : सिलिकॉन कार्बाइडाच्या स्फटिकातून विद्युत् प्रवाह जाताना प्रकाश दिसतो, असे एच. जे. राउंड यांना १९०७ मध्ये आढळले. १९३६ मध्ये झॉर्झ देस्त्रियो यांनी प्रत्यावर्ती विद्युत् क्षेत्रात जस्त सल्फाइडाची पूड प्रकाशमान होते, असे दाखविले. काचेवर कथिल ऑक्साइडाचा पारदर्शक व संवाहक थर देता येऊ लागल्यावर १९५० च्या सुमारास अमेरिकेत सपाट दीप तयार झाले.

रचना व कार्य : हा दीप म्हणजे एक सपाट धारित्रच होय. धातूचा पत्रा व पारदर्शक संवाहक थर यांच्यामध्ये निरोधक द्रव्यात मिसळलेल्या संदीप्तिशील पुडीचा पातळ थर असतो. जस्त सल्फाइडात तांबे अत्यल्प प्रमाणात असल्यास हिरवा वा निळा आणि त्याच्या जोडीला मँगॅनीज असल्यास पिवळसर नारिंगी प्रकाश मिळतो. विद्युत् दाब व कंप्रता वाढविल्यास तेजस्विता वाढते; मात्र दिव्याचे आयुष्य घटते. आर्द्रतेनेही पूड लवकर निकामी होते.

दैनंदिन प्रकाशयोजना : संपूर्ण छत वा भिंत मंदपणे उजळून डोळे न दिपविणारा, जवळजवळ छायारहित प्रकाश मिळेल, अशी या दिव्यांकडून अपेक्षा होती. ती का सफल झाली नाही, हे साध्या हिशोबाने कळते. १० चौ. मी. क्षेत्रफळाच्या खोलीत १५० लक्स प्रदीपनासाठी किमान १,५०० ल्युमेन प्रकाश लागतो. दीपपृष्ठाची तेजस्विता दर चौ. मी.ला १०० कँडेला धरल्यास सु. ५ चौ. मी. पृष्ठ, म्हणजे निम्मे छत, व्यापावे लागेल. कार्यक्षमता दर वॉटला ५ ल्युमेन धरल्यास ३०० वॉट शक्ती खर्च होईल. साध्या तंतुदीपालाही याहून कमी शक्ती पुरते.

उपयोग : जेथे थोडा पण एकसारखा प्रकाश पुरतो, तेथे मात्र हे दीप उपयुक्त ठरले. रात्रदिवे, मोटारगाड्यांचे उपकरण फलक, अपोलो यानांतील संगणकाचे अंकदर्शक आणि १९९२ पासून मनगटी घड्याळांच्या तबकड्या यांत ते वापरले गेले.

घरगुती प्रकाशासाठी विद्युत् संदीप्तीचा दुसरा प्रकार यशस्वी झाला. प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थात अर्धसंवाहकांच्या संधिस्थानी इलेक्ट्रॉन व धन विवरे एकत्र येऊन प्रकाश निर्माण होतो. इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांनी कार्यक्षम निळा द्विप्रस्थ विकसित केल्यामुळे पांढरा प्रकाश मिळविणे शक्य झाले. याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दर वॉटला सु. १०० ल्युमेन देणाऱ्या अशा दिव्याने वरील खोली १५ वॉटमध्ये उजळते. पूड वापरणाऱ्या दिव्याचे क्षेत्र मंद प्रकाशापुरतेच मर्यादित राहिले.