अवजारं हाती येतात, अक्षरं अडतात
परभणी, सेलू किंवा जिंतूरला डीटीपी शिकणाऱ्या मुलाच्या हाती कोरलड्रॉची अवजारं लवकर बसतात. अडतं ते मराठीपाशी. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फाँट बदलला, की ‘शुभविवाह’ची अगम्य गिचमिड! युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, पण छपाईवाल्यांकडे जुन्या फायलींचे ढीग. म्हणून दोन्ही शिकवावं लागतं. रंगांचा घोळ वेगळाच. पडदा लाल, हिरवा, निळा प्रकाश मिसळतो. छपाईत मात्र आकाशी, राणी, पिवळी आणि काळी शाई. त्यामुळे पडद्यावरचा झगमगता हिरवा पत्रिकेवर मळका उतरतो. हे तोंडी सांगून पटत नाही, छापलेला कागद पडद्याशेजारी धरावा लागतो.