गुणांचा बाजारभाव आणि ओकलंडचा ताळेबंद

खेळाचा मोसम संपला की प्रेक्षक घरोघर परततात आणि संघाचे चालक वह्या उघडून बसतात. कोणता खेळाडू ठेवावा, कोणाला निरोप द्यावा, रिकामी जागा कशी भरावी आणि या साऱ्याला पैसा कोठून आणावा, हे प्रश्न अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर उभे राहतात. वरवर पाहता हा केवळ खेळाचा विषय. परंतु माणसाच्या गुणांची किंमत कशी ठरते, ती कोण ठरवतो आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, हा अर्थशास्त्रातील जुना प्रश्न इतक्या उघड आकड्यांनिशी अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळतो. २००१ सालच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या संघासमोर जो ताळेबंद होता, तो या दृष्टीने आजही अभ्यासण्याजोगा आहे.

त्या वर्षी १६२ सामन्यांपैकी १०२ सामने ओकलंडने जिंकले होते. बाद फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्धचे पहिले दोन सामनेही त्याने जिंकले; परंतु पुढचे तिन्ही गमावून १५ ऑक्टोबरला तो स्पर्धेबाहेर पडला. यांकीजचा वार्षिक वेतनखर्च सुमारे ११ कोटी डॉलर होता, ओकलंडचा सुमारे ३ कोटी ४० लाख. पराभवाचे दुःख ओसरण्यापूर्वीच ओकलंडचे तीन प्रमुख खेळाडू करारमुक्त झाले. जेसन जियाम्बी सात वर्षांसाठी १२ कोटी डॉलर घेऊन त्याच यांकीजकडे गेला. जॉनी डेमन चार वर्षांसाठी ३ कोटी १० लाखांवर बॉस्टनला, तर जेसन इस्रिंगहॉसन तेवढ्याच मुदतीसाठी २ कोटी ७० लाखांवर सेंट लुईसला गेला. एकट्या जियाम्बीचे सरासरी वार्षिक वेतन ओकलंडच्या संपूर्ण वेतनखर्चाच्या निम्मे होते. त्याला थोपवून धरण्याची ऐपत या संघाची नव्हती, हे उघड आहे.

सरव्यवस्थापक बिली बीन आणि त्यांचे सहायक पॉल डिपोडेस्टा यांनी हळहळ बाजूस ठेवून नेमके काय गेले, याची मोजदाद आरंभिली. क्रिकेटच्या वाचकाला या मोजदादीचे सूत्र समजावयास अवघड नाही. बेसबॉलमध्ये एका संघाला सामन्यात सामान्यतः २७ गडी बाद होईपर्यंत खेळता येते. म्हणजे बाद न होणे हीच तेथील खरी मिळकत. फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या बेसवर पोहोचो, अथवा गोलंदाजाने, म्हणजे पिचरने, चार चेंडू भलतीकडे टाकल्यामुळे त्याला तो बेस आपसूक मिळो. दोन्ही वेळा तो बाद झालेला नसतो. तथापि फटक्याला टाळ्या मिळत, संयमाला मिळत नसत; आणि टाळ्यांच्या मागोमाग वेतन जात असे. बिल जेम्स यांच्यासारखे अभ्यासक ही विसंगती १९७७ पासून आपल्या पुस्तिकांतून मांडत आले होते. ओकलंडने ती व्यवहारात उतरविली.

या कसोटीवर तिघांचे मोल सारखे भरले नाही. डेमनची चपळाई डोळ्यांत भरणारी. पण २००१ मध्ये तो शंभरांतून सुमारे ३२ वेळाच बेस गाठू शकला होता. इस्रिंगहॉसनचे काम शेवटच्या षटकासारख्या आणीबाणीच्या क्षणी सामना राखण्याचे. ते मानाचे खरे, पण बरीचशी प्रतिष्ठा त्या जागेची असते, माणसाची नव्हे, असा बीन यांचा कयास होता. तो खोटा ठरला नाही. टोरॉन्टोकडून आणलेल्या बिली कॉखने पुढच्या वर्षी असे ४४ सामने राखून दिले. उरला जियाम्बी. शंभरांतून जवळजवळ ४८ वेळा बेस गाठणारा हा खेळाडू मात्र खरोखरच अजोड होता. त्याच्या जागी स्कॉट हॅटेबर्ग आला. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला यष्टिरक्षकासारखे आपले मूळचे काम, म्हणजे कॅचरचे काम, करता येईनासे झाले होते, म्हणून बाजाराने त्याला टाकाऊ ठरविले होते. चेंडू पारखण्याची त्याची नजर मात्र शाबूत होती, आणि ती अवघ्या ९ लाख डॉलरांच्या मूळ वेतनात मिळाली.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २००२ मध्ये ओकलंडने १०३ सामने जिंकले. म्हणजे तिघे गेल्यावर एक सामना अधिकच, आणि नेमके यांकीजइतके. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सलग २० विजय मिळवून त्याने अमेरिकन लीगचा विक्रम केला, आणि विसावा विजय हॅटेबर्गच्याच होम रनने मिळाला. मायकेल लुईस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या पुस्तकाने आणि २०११ मधील त्याच नावाच्या चित्रपटाने ही कथा जगभर पोचविली. बुद्धीने पैशावर केलेली मात, असेच तिचे सार सांगितले जाते.

परंतु ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. २००१ मध्ये ओकलंडने ८८४ धावा केल्या होत्या. २००२ मध्ये ८००. म्हणजे जियाम्बीची उणीव भरून निघाली नव्हती. तरीही संघ तगला, तो दिलेल्या धावा जवळजवळ तेवढ्याच राहिल्यामुळे : आधी ६४५, नंतर ६५४. याचे मोठे श्रेय टिम हडसन, मार्क मल्डर आणि बॅरी झिटो या तीन तरुण पिचरांचे. त्या वर्षी तिघांनी मिळून ५७ विजय मिळवून दिले. झिटो तर लीगमधील सर्वोत्कृष्ट पिचर ठरला, आणि त्याचे वार्षिक वेतन ३ लाख डॉलरांच्या आत होते!

हे तिघे स्वस्त होते, ते बाजाराला त्यांचे गुण दिसत नव्हते म्हणून नव्हे. ते बाजारात उतरूच शकत नव्हते. पूर्वी बेसबॉलमधील राखीव हक्काच्या अटीमुळे खेळाडू जन्मभर एकाच मालकाशी बांधलेला असे. कर्ट फ्लड या खेळाडूने तिला आव्हान दिले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. अखेर डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने ही बेडी तुटली. त्यानंतरच्या तडजोडीत मुक्त होण्यासाठी सहा वर्षांच्या सेवेची अट आली, आणि त्यातील पहिली काही वर्षे वेतन ठरविण्यात मालकाचाच शब्द चालतो. जेराल्ड स्कली या अर्थशास्त्रज्ञाने १९७४ मध्येच दाखवून दिले होते, की राखीव हक्काखाली चांगल्या खेळाडूच्या हाती त्याने मिळवून दिलेल्या उत्पन्नाचा अल्प अंशच पडतो. ओकलंडच्या यशात बुद्धीचा वाटा होता, तसा या नियमाचाही होता. मुदत संपताच झिटोने सान फ्रान्सिस्कोशी सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाखांचा करार केला. तेथे त्याचा खेळ पूर्वीच्या तोलाचा राहिला नाही. म्हणजे उमेदीच्या वर्षांत कमी वेतन आणि उतरत्या वर्षांत भरपूर, असा हा उफराटा न्याय. ज्यांना दुखापतीमुळे सहा वर्षे पुरी करता येत नाहीत, त्यांच्या वाट्याला त्याचा उत्तरार्धही येत नाही.

बुद्धीची मिरासही फार काळ टिकली नाही. जॉन हेक्स आणि रेमंड सॉअर यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार बेस गाठण्याच्या कौशल्याला २००४ पर्यंत पुरता भाव आला होता. त्याच वर्षी बॉस्टनने हीच दृष्टी आणि जोडीला भरभक्कम पैसा यांच्या बळावर अजिंक्यपद मिळविले. गरिबाने शोधलेली वाट श्रीमंताला चालावयास मोकळीच असते. ओकलंडने दर काही वर्षांनी खेळाडू घडवावे आणि पाठवून द्यावे, हा क्रम चालूच राहिला. अखेर २०२४ च्या मोसमानंतर संघानेच ते शहर सोडले. लास व्हेगासला जाण्याच्या वाटेवर त्याने सॅक्रामेंटोनजीक तात्पुरता मुक्काम केला. ज्या नागरिकांनी पन्नासाहून अधिक वर्षे त्याला आपला मानले, त्यांची निष्ठा कोणत्याच रकान्यात मांडली गेली नव्हती.

म्हणून संघाचे मूल्यमापन करताना प्रत्येक नावापुढे तीन आकडे लिहावयास हवेत. तो किती मिळवून देतो, त्याला किती मिळते आणि त्याच गुणांना खुल्या बाजारात किती मिळाले असते. पहिल्या दोहोंतील अंतर पाहून चालकाला शाबासकी देण्याची घाई होते. तिसरा आकडा लिहिला, की ते अंतर चालकाच्या पारखीचे किती आणि खेळाडूच्या अगतिकतेचे किती, हे कळून येते. हॅटेबर्ग पहिल्या प्रकारात बसतो, झिटो दुसऱ्या. बाजाराने टाकलेल्या माणसाला संधी देणे आणि बाजारात जाऊ न शकणाऱ्याला स्वस्तात राबविणे, या दोन्ही गोष्टींची बेरीज विजयाच्या रकान्यात सारखीच दिसते. न्यायाच्या रकान्यात ती तशी दिसत नाही.