पंडिताचा कौल आणि शेतकऱ्याचा कौल

वेल्ह्याकडील डोंगरांत पावसाळ्यापूर्वीं राब भाजूं लागले म्हणजे जागोजाग धूर उठतो. पुढें पाऊस लागला कीं त्याच उतारांवर धुकें चढतें. दुरून पाहणाऱ्या शहरवासीयास दोहोंतील भेद चटकन् उमजत नाहीं. तोरण्याच्या पायथ्याचा शेतकरी तो बसल्या जागीं सांगतो.

डोंगरावरील धुरावरून अग्नीचें अनुमान करणें हें न्यायशास्त्रांतील नेहमींचें उदाहरण होय. आठव्या शतकांतील बौद्ध तार्किक धर्मोत्तर यानें त्यास एक चमत्कारिक वळण दिलें. कोणीं मांस भाजण्यास विस्तव पेटविला आहे. धूर अद्याप निघालेला नाहीं, पण वासानें माशांचा थवा जमला आहे. दूरच्या मनुष्यास तो थवा धूर वाटतो व तो म्हणतो, तेथें अग्नि आहे. अग्नि खरोखरच आहे! मग त्या मनुष्यास ज्ञान झालें काय? धर्मोत्तर म्हणतो, नाहीं. 1963 सालीं एडमंड गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञानें अवघ्या तीन पृष्ठांच्या लेखांत याच जातीचा प्रश्न उपस्थित केला. तेव्हांपासून पुष्कळ तत्त्वज्ञ आपल्या सहजप्रतीतीच्या बळावर सांगत आले कीं, यास कोणीहि ज्ञान म्हणणार नाहीं.

‘कोणीहि’ म्हणजे कोण, हें मात्र फारसें कोणी विचारलें नव्हतें. 2001 सालीं कांहीं संशोधकांनीं विद्यार्थ्यांस तें विचारलें व उत्तरें समाजपरत्वें भिन्न येतात असें जाहीर केलें. पुढील मोठ्या चौकशांत तो निष्कर्ष टिकला नाहीं. 2017 सालच्या एका अभ्यासांत अमेरिका, ब्राझील, जपान व हिंदुस्थान या चारहि देशांतील सामान्य लोकांचा कल बहुतांशीं पंडितांच्याच बाजूस पडला. म्हणजे या प्रश्नापुरता पंडित जिंकला खरा, पण अडाण्याहून वेगळें असें त्यानें कांहीं सांगितलें नाहीं.

तत्त्वज्ञांच्या पक्षाचे लोक वैद्याचा दाखला देतात: वैद्याचा नाडीवरील हात जसा सरावानें तयार होतो, तसेंच विचारवंताचें मन. दाखला लंगडा आहे. वैद्याचा अंदाज चुकला तर रोगी बरा होत नाहीं. शेतकऱ्यानें धुक्यास धूर मानलें तर डोंगर चढून गेल्यावर तेथें राख सांपडत नाहीं. चूक पदरीं पडते व नजर सुधारते. ‘हें ज्ञान कीं नव्हे’, ‘हें न्याय्य कीं अन्याय्य’ या प्रश्नांस डोंगरावर जाऊन पाहण्याची सोय नाहीं. तेथें शिष्याची चूक गुरु दाखवितो, आणि गुरूची परीक्षा त्याचे सहाध्यायी घेतात. 1983 सालीं मे. पुं. रेगे प्रभृतींनीं पुण्यांत जुने शास्त्री व आधुनिक तत्त्वज्ञ यांस एकत्र बसवून रसेलच्या एका कल्पनेवर चर्चा घडविली. वाक्याहून व ज्ञानाहूनहि निराळा असा विधानार्थ मानणें आधुनिकांस सरावाचें होतें; शास्त्र्यांस ती कल्पनाच परकी होती. दोन्ही बाजू सुशिक्षित. शिक्षण मात्र निरनिराळें.

अधिक बोचणारी गोष्ट 2012 सालची आहे. श्विट्झगेबेल व कुशमन यांनीं व्यवसायानें तत्त्वज्ञ असलेल्यांस व इतरांस नीतीचे पेंच घातले. सुटलेली गाडी पांच जणांवर जात आहे. सांधा बदलून ती एकावर वळवावी काय? दुसरा पेंच: पांच वांचविण्यासाठीं एकास गाडीपुढें ढकलावें काय? ढकलण्याचा प्रश्न आधीं विचारला म्हणजे सांधा बदलणेंहि अधिक वाईट वाटूं लागे. क्रमाचा हा परिणाम तत्त्वज्ञांवर इतरांपेक्षां कमी झाला नाहीं. उलट, पुढें सामान्य तत्त्व विचारतां तें त्यांनीं आपल्या आधींच्या उत्तरांशीं जुळेल असेंच निवडलें. शिक्षणानें कौल सुधारला नाहीं, समर्थन मात्र सफाईचें झालें.

भोरास हा पेंच पुस्तकी नव्हे. येळवंडीवरील भाटघरचें धरण 1928 सालीं पुरें झालें; नीरेच्या कालव्यांनीं बारामती-फलटणकडील शेतें भिजलीं आणि भोर संस्थानांतील जमीन पाण्याखालीं गेली. प्रथम उसाचे मळे दाखवून मग बुडालेलीं खाचरें दाखविलीं, तर ऐकणाराचें मत एक होतें. क्रम उलटला तर दुसरें होण्याचा संभव आहे. ज्याचें खाचर गेलें त्याचा कौल, तो एका बाजूस झुकलेला आहे म्हणून, वगळतां येईल. पण मग ज्याच्या पुढें प्रश्न कोणत्या क्रमानें आला हें कोणीं तपासलें नाहीं, त्या पंडिताचाहि वगळावा लागेल.