साप्ताहिक कामाच्या तासांची मर्यादा आणि इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे शहर ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून ओळखले जाते. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग सुरू केला. तत्कालीन जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या प्रोत्साहनामुळे या व्यवसायाने मूळ धरले. शतकाहून अधिक काळात माग बदलले, बाजारपेठ बदलली. मात्र साध्या यंत्रमागावरील बारा तासांची पाळी आजही मोठ्या प्रमाणावर टिकून आहे. दिवस-रात्र अशा दोन पाळ्यांत माग चालतो आणि सहा दिवसांच्या आठवड्यात कामगाराचे ७२ तास भरतात. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा प्रत्यक्षात लागू झाल्यास या उद्योगावर कोणते परिणाम संभवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी

कामाच्या तासांवरील मर्यादेचा इतिहास कापड उद्योगाशी जोडलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास, तर १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास ही मर्यादा घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना ४८ तासांच्या मर्यादेची दिशा निश्चित झाली. १९४६ च्या दुरुस्तीने ती मर्यादा आली आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ती कायम केली.

हा अधिनियम मात्र वीज वापरणाऱ्या व किमान १० कामगार असणाऱ्या कारखान्यांना लागू होता. इचलकरंजीतील असंख्य घटक चार, आठ वा बारा मागांचे असल्याने ते या व्याख्येबाहेर राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत कारखान्यासाठी २० आणि आस्थापनेसाठी १० कामगारांची अट आहे. त्यामुळे लहान मागवाल्यांचा प्रश्न तसाच राहतो. दुसरीकडे, ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दैनिक कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत वाढविण्याच्या प्रस्तावास मंजुरी दिली. म्हणजे दिवसाची मर्यादा सैल होत असताना आठवड्याची मर्यादाच कामगाराचे प्रमुख संरक्षण ठरते.

मजुरीची पद्धत आणि तासांचा हिशोब

यंत्रमाग कामगारास तासावर नव्हे, तर विणलेल्या कापडावर मजुरी मिळते. कापडाच्या एका इंचात आडव्या धाग्यांची जितकी पिके बसतात, त्यावर मीटरचा दर ठरतो. ५२ पीक हे या दराचे रूढ परिमाण आहे. २०१३ च्या प्रारंभी येथील यंत्रमाग कामगारांनी मजुरीवाढीसाठी महिन्याहून अधिक काळ संप केला, तेव्हाही वाटाघाटींच्या केंद्रस्थानी हाच दर होता. अशा पद्धतीत तास कमी करणे म्हणजे उत्पन्न कमी करणे होय.

एका काल्पनिक हिशोबाने ही बाब स्पष्ट होईल. ५२ पिकांच्या एका मीटरमध्ये सुमारे २,०४७ पिके असतात. थांबण्याचा वेळ वजा जाता माग मिनिटाला सरासरी १२० पिके टाकतो असे मानल्यास एका मीटरला सुमारे १७ मिनिटे लागतात. बारा तासांत एका मागावर सुमारे ४२ मीटर आणि सहा मागांवर २५२ मीटर कापड निघते. आठ तासांत हेच उत्पादन १६८ मीटर होईल. मीटरला एक रुपया मजुरी मानली, तर २५२ रुपयांचे उत्पन्न १६८ रुपयांवर येईल. पूर्वीचे उत्पन्न टिकविण्यासाठी दर दीड रुपया करावा लागेल. थकव्यामुळे पाळीच्या अखेरच्या तासांत धागा तुटण्याकडे दुर्लक्ष होते व कापडात दोष वाढतात. त्यामुळे प्रत्यक्ष घट काहीशी कमी असू शकेल, परंतु ती पूर्णतः भरून निघणार नाही.

उद्योगावरील संभाव्य परिणाम

माग चोवीस तास चालवायचा असल्यास दोन पाळ्यांऐवजी तीन पाळ्या लागतील, म्हणजेच दीडपट कामगार लागतील. स्थानिक तरुण या कामाकडे पाठ फिरवीत असून परराज्यांतील कामगारांवरील अवलंबित्व वाढत आहे. अशा स्थितीत तिसरी पाळी उभी करणे सोपे नाही.

दुसरा प्रश्न दरवाढीचा आहे. ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक स्वतः सूत विकत घेत नाही. व्यापाऱ्याने दिलेले बीम विणून तोही पिकावर मजुरी घेतो. त्यातूनच त्याला वीज, सुटे भाग, जॉबर व कामगार यांचा खर्च भागवावा लागतो. व्यापाऱ्याने दर न वाढविल्यास दरवाढीचा सर्व भार त्याच्यावर येईल. याउलट, धोटारहित आधुनिक मागांवर मीटरमागे मजुरीचा वाटा कमी असल्याने तीन पाळ्यांचा भार तुलनेने सहज पेलता येतो. म्हणून केवळ तासांचे बंधन घातल्यास साधे माग बंद पडण्याची अथवा कागदावर आठ व प्रत्यक्षात बारा तास अशी स्थिती निर्माण होण्याची शक्यता अधिक आहे.

निष्कर्ष

तासांची मर्यादा आणि मजुरीचा दर हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. वेतन संहिता, २०१९ मध्ये कामगारसंख्येची अट नाही आणि कार्यानुसार वेतन घेणाऱ्यासही वेळेच्या आधारे किमान वेतनाची हमी देण्याची तरतूद आहे. या तरतुदीचा आधार घेऊन आठ तासांच्या कामातून किमान वेतन मिळेल असा पिकाचा दर निश्चित करणे, तो दर व्यापारी-यंत्रमागधारक व्यवहारालाही जोडणे आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने अमलात आणणे, हा मार्ग व्यवहार्य ठरतो. अन्यथा ज्या कामगाराच्या विश्रांतीसाठी मर्यादा घालायची, तोच घर चालविण्यासाठी एका कारखान्यातील आठ तास संपवून दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहील.