आरओच्या नळीतलं पाणी

आरओची ती बारीक नळी सिंकमध्ये सोडलेली असते. ती एकदा बादलीत सोडून पाहिली. पिण्याचा एक तांब्या भरेपर्यंत बादलीत तीन तांबे जमले! यंत्र जुनं आहे, मान्य, पण तरीही.

हे असं का होतं? रात्री भिजत घातलेले मनुके सकाळी टपोरे होतात, कारण पाणी सालीतून आतल्या दाट, गोड द्रावणाकडे आपणहून ओढलं जातं. आरओमध्ये पंपाच्या जोरावर हाच प्रवास उलटा होतो. गोडं पाणी यंत्रातल्या बारीक पडद्यापलीकडे जातं, क्षार अलीकडे अडतात. ते तिथंच साचले तर पडदा चोंदेल, म्हणून पाण्याच्या धारेनं सतत धुऊन काढावे लागतात. नळीतून वाहतं ते हेच पाणी. ते घाण नसतं, नुसतं जास्त क्षारांचं असतं. खरकटी भांडी भिजवायला, फरशी पुसायला उत्तम. तुळशीला मात्र रोज घालू नका, क्षार कुंडीतल्या मातीत साठत जातात.

मुळात आरओ हवाच का? लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी क्षार असतील तिथे तो वापरू नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९मध्येच म्हटलं होतं. बोअरच्या जड पाण्याला तो लागेलही; पण धरणाचं गोडं पाणी नळाला येणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या घरांनी आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजावा. मीटर काही फार महाग नसतो. आमची बादली सध्या सिंकखाली मुक्कामाला आहे. संध्याकाळची भांडी तिच्यावरच निघतात.